कॉरिडॉरमधली मँडरिन

सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या मेट्रो स्टेशनातून सरकत्या जिन्यानं वर आलं, की आज माणूस थेट व्हिवोसिटीच्या पोटात निघतो. तोयो इतो या जपानी वास्तुरचनाकारानं लाटांच्या वळणावर बांधलेला हा मॉल २००६ साली उघडला. आम्ही नव्वदच्या दशकात इथे राहत होतो, तेव्हा मॉल नव्हता आणि मेट्रोही नव्हती. ती २००३ साली आली. ‘हार्बरफ्रंट’ हे नावसुद्धा आमच्या तोंडात नव्हतं. आम्ही म्हणायचो ‘डब्ल्यूटीसी’, म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटर. प्रदर्शनांचे मोठे हॉल, फेरीचा धक्का आणि डोक्यावरून सेंटोसा बेटाकडे जाणारी, १९७४ पासून चालू असलेली केबल कार, एवढीच इथली शोभा. बाकी सगळी गोदी. केपेल शिपयार्डच्या क्रेन, दुरुस्तीला आलेली जहाजं आणि त्यांचा गंज. १९१३ साली बांधलेल्या किंग्ज डॉकचं नाव यजमानांच्या तोंडी रोज असायचं, कारण त्यांची नोकरीच जहाजदुरुस्तीची होती.

आज त्या गोदीच्या जागेवर काचेचे मनोरे आहेत. त्यांतल्याच एका मनोऱ्यात माझा मुलगा राहतो. जिथे त्याचे बाबा जहाजांच्या तळाचे पत्रे तपासत हिंडायचे, तिथे आता माझी दोन वर्षांची नात पोहायला शिकते. सहा महिने पुणे आणि मधूनमधून सिंगापूर असं माझं सध्या चालतं. आजीला व्हिजिट पासवर जितकं राहू देतात, तितकं मी राहते. या फेऱ्यांत एक गोष्ट सारखी मनात येते. माझा मुलगा या नातीएवढा असताना याच भागात मँडरिन बोलायला लागला होता. आता त्याच्या मुलीनंही ती बोलावी म्हणून घरात मोठी तयारी चालू आहे. दोघांच्या मँडरिनमध्ये मात्र मला फार फरक दिसतो, आणि तो हुशारीचा नाही.

आमचा फ्लॅट तेलोक ब्लांगामध्ये होता, डब्ल्यूटीसीपासून बसनं थोडं आत. पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळाल्यावर घेतलेला हाउसिंग बोर्डाचा जुना, रीसेलचा. त्या काळच्या पुष्कळ इमारतींसारखी आमचीही इमारत लांबलचक होती. पुढून एकच कॉरिडॉर, आणि त्यावर ओळीनं सगळ्यांची दारं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. ठरावीक मजल्यांवरच थांबायची आणि बाकीच्यांनी जिने चढायचे-उतरायचे. (प्रत्येक मजल्यावर लिफ्ट नेण्याची सरकारी योजना २००१ मध्ये सुरू झाली.) आमचा मजला थांब्याचा होता. त्यामुळे वरचे-खालचे सगळे आमच्या दारावरून जात. दारं दिवसभर उघडी, फक्त लोखंडी जाळीचं फाटक लावलेलं. वारा आत यावा म्हणून ही सोय. मुलगा उभा राहायला लागल्यापासून त्या जाळीचे गज धरून उभा असायचा, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याशी बोलायचा.

कोण कोण होतं त्या मजल्यावर? उजवीकडे एक मलय कुटुंब, तिथल्या बाईंना सगळे ‘मकचिक’ म्हणत. पुढे एक तमिळ शिक्षक. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय अशी घरं ठरावीक प्रमाणात असावीत असा नियमच झाला होता, त्यामुळे शेजार असा मिसळलेला. आणि डावीकडे पोपो. इथल्या चिनी घरांत आईच्या आईला पोपो म्हणतात. तिची मुलगी-जावई नोकरीला जात आणि ती माझ्या मुलाच्याच वयाचा नातू सांभाळायची. ती त्या नातवाची पोपो, म्हणून आमचीही पोपो झाली. तिचं खरं नाव विचारावं असं कधी कुणाला सुचलंच नाही.

पोपो आमच्याकडे मुगाचं गोड सारण भरलेले लाल ‘आंग कू क्वे’ पाठवायची. मी शाकाहारी, हे तिनं पहिल्याच महिन्यात नीट समजून घेतलं होतं. वरची पारी चिकट तांदळाच्या पिठाची आणि आत मूग, म्हणजे आमच्या मोदकाचाच लांबचा भाऊ. मी शिऱ्याची वाटी परत पाठवायची. दोन्ही मुलं दोन्ही घरांत जेवायची आणि दुपारी ज्या घरात झोप येईल त्या घरात झोपायची. मला खरेदीला जायचं असलं की मुलगा पोपोकडे, तिला डॉक्टरकडे जायचं असलं की तिचा नातू माझ्याकडे. या व्यवहाराला कुणी ‘भाषाशिक्षण’ म्हटलं असतं तर आम्ही दोघी हसलो असतो.

मुलगा बोलायला लागला तो आधी मराठीत, आणि मग महिना-दोन महिन्यांत मँडरिनमध्ये. त्याचे पहिले चिनी शब्द मी वहीत देवनागरीत लिहून ठेवले होते. लाय, म्हणजे ये. च्वो, म्हणजे बस. ना, म्हणजे घे. पु याव, म्हणजे नको. आणि दिवसातून पन्नासदा म्हटलं जाणारं पाव-पाव, म्हणजे कडेवर घे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हात वर करून ‘पाव-पाव’ म्हणणाऱ्या मुलाच्या हातात ब्रेडची स्लाइस ठेवली, तेव्हा तो जो रडला की विचारू नका. ती यादी आज पाहिली तर एक गोष्ट लगेच दिसते. तिच्यात वस्तूंची नावं जवळजवळ नाहीतच, सगळी कामं आहेत. ये, बस, दे, घे, नको, अजून, उचल.

हे त्याच्याच बाबतीत होतं असं नाही, हे मला नंतर वाचनातून कळलं. ट्विला टार्डिफ या अभ्यासिकेनं १९९६ साली मांडलं होतं, की बीजिंगमधल्या लहान मुलांच्या सुरुवातीच्या बोलण्यात नामांपेक्षा क्रियापदं जास्त असतात. इंग्रजी घरांत आया मुलाला वस्तू दाखवून तिचं नाव विचारत बसतात. चिनी घरांत मोठी माणसं मुलाला काहीतरी करायला सांगत असतात. शिवाय मँडरिनमध्ये क्रियापदाला काळ-वचनाचे प्रत्यय लागत नाहीत, आणि कर्ता गाळून नुसतं क्रियापद म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. पोपोची सगळी भाषाच आज्ञार्थी होती. तिनं माझ्या मुलाला ‘हे काय आहे, सांग पाहू’ असं कधी विचारलेलं मला आठवत नाही. चमचा पडला की उचलायला सांगायची, चपला फेकल्या की ठेवायला सांगायची.

सुरांचंही तसंच. मँडरिनमध्ये चार सूर आहेत. एकच ‘माय’ खाली बुडवून वर आणला की विकत घेणं, आणि वरून झटक्यात खाली आणला की विकणं. बाजारात मी दोन्ही एकाच सुरात म्हणायची आणि भाजीवाली समजून घ्यायची. मुलाची मात्र कधी गल्लत झाली नाही. मला ‘आई’ आणि त्या भाजीवालीला ‘आयी’, म्हणजे मावशी, अशा हाका तो एका दमात मारायचा, आणि आम्हा दोघींनाही कुणाला बोलावलंय ते बरोबर कळायचं. झू ह्वा आणि बार्बरा डॉड यांचा २००० सालचा अभ्यास सांगतो, की मँडरिन बोलणारी मुलं सूर सगळ्यात आधी पक्के करतात. व्यंजनं आणि बाकीचे बारकावे त्यानंतर येतात. मोठेपणी शिकणाऱ्याचं नेमकं उलट होतं. शब्द येतात आणि सूर हुलकावणी देतो.

व्यंजनांत मात्र आम्हा मराठी माणसांना थोडा आधार आहे. त आणि थ, क आणि ख, च आणि छ यांत आपण जो फरक करतो, श्वास सोडण्या-न सोडण्याचा, तोच मँडरिनमध्ये आहे. रोमन लिपीत त्या ‘त’साठी ‘डी’ आणि ‘क’साठी ‘जी’ लिहितात, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारा पहिल्या दिवसापासून द आणि ग म्हणत सुटतो. शिवाय चहातला च आणि चमच्यातला च, असे दोन्ही च तिथे लागतात. माझ्या वहीतली देवनागरी म्हणूनच रोमनपेक्षा जास्त भरवशाची निघाली. सुरांसाठी तेवढे मी डोक्यावर बाण काढायची.

इथवर सगळं गोड आहे. आठवणी सांगताना माणूस इथेच थांबतो आणि ‘गेले ते दिवस’ म्हणून मोकळा होतो. पण त्या कॉरिडॉरमध्ये आणखी एक गोष्ट चालू होती, आणि ती मला पुरती समजायला बरीच वर्षं लागली. पोपोची स्वतःची भाषा मँडरिन नव्हती.

ती होती तिओच्यू, चिनी बोलीभाषांपैकी एक. घरात तिओच्यू, शेजारणींशी होक्कियन, मकचिकशी बाजारी मलय. मँडरिन ती शाळेत शिकलीच नव्हती, कारण शाळेतच गेली नव्हती. १९६६ पासून इथल्या माध्यमिक शाळांतही दुसरी भाषा सक्तीची झाली, आणि चिनी मुलांसाठी ती दुसरी भाषा म्हणजे मँडरिन. पण मुलं घरी होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज बोलायची. म्हणजे इंग्रजी आणि मँडरिन या दोन्ही त्यांना शाळेतच नव्यानं भेटायच्या. म्हणून ७ सप्टेंबर १९७९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम सुरू केली. बोलीभाषा कमी करा, मँडरिन वाढवा, असं तिचं उघड सांगणं होतं. टीव्हीवरचे बोलीभाषांतले कार्यक्रम बंद होत गेले. हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका मँडरिनमध्ये डब होऊन यायला लागल्या. रेडिफ्यूजन या तारेवरच्या रेडिओवर ली दाई सोर हे कँटोनीज कथाकार वर्षानुवर्षं गोष्टी सांगत, त्यासाठी लोक कामधाम सोडून बसत. १९८२ मध्ये त्याही थांबल्या. तिओच्यू आणि होक्कियन कथाकारांचं तेच झालं.

तर पोपो रात्री नऊची चॅनेल आठची मालिका बघत बघत मँडरिन शिकली होती. तिच्या मुलीनं तिला बजावलं होतं, मुलांशी मँडरिनमध्येच बोलायचं, नाहीतर शाळेत मागे पडतील. म्हणून ती दोन्ही बाळांशी मोडकीतोडकी मँडरिन बोलायची. आपला राग, आपली काळजी, आपल्या म्हणी मात्र तिओच्यूत. मुलं पडली-झडली की तिच्या तोंडून आधी तिओच्यू निघायची आणि मग ती जीभ चावून मँडरिनवर यायची. तिची थोरली नात शाळेत जायची, ती पोपोला इंग्रजीत उत्तरं द्यायची. दोघींमध्ये अर्थ पोचवायला बरेचदा पोपोच्या मुलीला मध्ये पडावं लागे. आमच्या मुलाला फुकट मिळालेली मँडरिन ही अशी होती. ज्या बाईकडून ती मिळाली, तिला त्यासाठी स्वतःची भाषा बाजूला ठेवावी लागली होती.

२००० साली आम्ही पुण्याला परतलो. मुलगा शाळेत रमला आणि वर्षभरात त्याची मँडरिन गेली. अगदी ‘पाव-पाव’सुद्धा. मी मुद्दाम वही काढून वाचून दाखवायची, तर तो परक्यासारखा बघायचा.

मग तो मोठा झाला, नोकरीनिमित्त पुन्हा सिंगापूरला गेला आणि कंपनीतल्या संध्याकाळच्या मँडरिन वर्गात बसला. त्याच्याबरोबरचे मराठी-तमिळ मित्र सुरांशी झगडत होते, आणि याला शिक्षिका विचारायच्या, ‘तू आधी कुठे शिकलास?’ हा आमच्या घरचा कौतुकाचा किस्सा झाला असता. पण माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लारा पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली असंच काहीसं दाखवून दिलं. चीनमधून तान्हेपणी दत्तक जाऊन फ्रेंच घरांत वाढलेल्या मुलींना चिनीचा एक शब्दही आठवत नव्हता. पण मेंदूच्या चित्रणात चिनी सूर ऐकताना त्यांचा मेंदू फ्रेंचच बोलणाऱ्या मुलींसारखा वागला नाही, चिनी बोलणाऱ्या मुलींसारखा वागला. म्हणजे भाषा विसरली तरी तिच्यासाठी तयार झालेला कान राहतो. पोपोची ती मोडकी मँडरिन तेवढं तरी करून गेली असावी.

आता नातीचं घर. अकराव्या मजल्यावर, प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट, दारं बंद, आत एसी. कॉरिडॉर म्हणजे लिफ्टपासून दारापर्यंतची दहा पावलं. तिथे कुणी कुणाला भेटत नाही. घरात मराठी आणि इंग्रजी. सून नागपूरची, तिची मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. दिवसभर मुलीला सांभाळायला जावाहून आलेली मदतनीस आहे. परदेशी मदतनीस आणायला इथे १९७८ पासून रीतसर परवानगी आहे, आणि नोकरी करणाऱ्या जोडप्याचं घर त्यावरच चालतं. ती नातीशी तिच्या इंग्रजीत बोलते. सकाळचे काही तास बालसंगोपन केंद्र, तिथे इंग्रजीच्या बाई वेगळ्या आणि चिनीच्या ‘लाओशी’ वेगळ्या. आठवड्यातून एकदा मँडरिनचा खेळवर्ग. फ्रिजवर वेळापत्रक आहे. पानाला टेकवला की चिनी शब्द उच्चारणारं पेन आहे. ‘दोन वाघ’ हे गाणं आहे, ‘फ्रेर जाक’ या फ्रेंच गाण्याच्याच चालीवर. आणि व्हिवोसिटीच्या तिसऱ्या मजल्यावर २०१९ साली उघडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. खिडकीतून समुद्र दिसतो आणि मुलांच्या विभागात चिनी चित्रपुस्तकांची कपाटंच्या कपाटं. सगळं फुकट. माझ्या वेळी असं काही असतं तर मी तिथून हललेच नसते.

आजच्या या सगळ्या व्यवस्थेला मी हसत नाही. लाओशी रीतसर शिकलेल्या आहेत, पोपोसारख्या टीव्हीवरून नव्हे. पुस्तकं सुंदर आहेत. नातीला फळं, प्राणी, रंग सगळे मँडरिनमध्ये येतात. ड्रॅगनफ्रूटचं चित्र दाखवलं की बरोबर नाव, सुरासकट. फक्त तिच्या शब्दांची यादी मी माझ्या जुन्या वहीशेजारी ठेवली, तेव्हा लक्षात आलं की तिच्याकडे जवळजवळ सगळी नामं आहेत. तिला सफरचंद माहीत आहे, पण ‘सफरचंद दे’ म्हणता येत नाही. वाघ माहीत आहे, पण ‘चल, पळू’ माहीत नाही. कार्डावर जे छापता येतं ते तिला मिळालं. माणसाकडून काही हवं असताना तोंडातून जे निघतं ते मिळालेलं नव्हतं.

आणखी एक गंमत. त्या खेळवर्गात बहुतेक मुलं चिनी घरांतलीच आहेत, आणि तीही नातीएवढीच अडखळतात. मोहिमेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २०१९ साली, पंतप्रधान ली स्येन लूंग यांनीच आकडा सांगितला होता, की पहिलीतली मुलं असलेल्या चिनी घरांपैकी ७१ टक्के घरांत मुख्यतः इंग्रजी बोललं जातं. त्याआधी वीस वर्षं हे प्रमाण ४२ टक्के होतं. २०२० च्या जनगणनेत तर सगळ्या रहिवाशांत मिळून घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा इंग्रजीच निघाली, ४८.३ टक्के. मँडरिन दहा वर्षांत ३५.६ वरून २९.९ वर आणि चिनी बोलीभाषा १४.३ वरून ८.७ वर आल्या. पोपोच्या मुलीनं मँडरिनसाठी तिओच्यू सोडायला लावली. आता मँडरिनची जागा इंग्रजी घेते आहे आणि त्या पिढीची मुलं आपल्या मुलांना मँडरिनच्या वर्गात घालताहेत. २०११ साली ली क्वान यू यांच्या नावानं द्विभाषिकतेसाठी निधी उभा राहिला, तोही शाळेच्या आधीच्या वयावर भर देऊन. बोलीभाषांना थोडी जागा परत मिळाली, ती २०१६ साली चॅनेल आठवर ज्येष्ठांसाठी आलेल्या ‘ईट ऑलरेडी?’ या होक्कियन मालिकेनं. ती पोपोच्या वयाच्या माणसांसाठी. तोवर त्यांच्या नातवंडांना ती कळायला खाली इंग्रजी ओळी लागत होत्या.

नातीला क्रियापदं मिळाली ती खाली, घसरगुंडीपाशी. २००० नंतर चीनमधून इथे पुष्कळ माणसं आली. आधी शाळकरी मुलांबरोबर आलेल्या आया, मग नोकरदार जोडपी, आणि मग त्यांची बाळं सांभाळायला येणारे आजी-आजोबा. संध्याकाळी खाली बागेत हूनानच्या एक आजी नातवाला घेऊन बसायच्या. त्या माझ्यासारख्याच व्हिजिट पासवर आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला मँडरिन जेमतेम. आम्ही दोघी एका बाकावर बसून आपापल्या नातवंडांवर लक्ष ठेवायचो आणि हातवाऱ्यांनी गप्पा मारायचो. त्यांच्या नातवाकडे निळं फावडं होतं. नातीला ते हवं होतं. पहिले दोन दिवस ओढाओढी आणि रडारड. मग आजींनी तिला समोर उभं केलं, फावडं स्वतःच्या हातात धरलं आणि ‘केय वो’ म्हणून दाखवलं, म्हणजे मला दे. नातीनं म्हटल्याशिवाय फावडं दिलं नाही. ते तिचं पहिलं चिनी वाक्य. आठवड्याभरात त्याला ‘पु याव’ जोडलं गेलं आणि पाठोपाठ ‘माझं आहे’सुद्धा आलं. त्या आजी पोपोला कधी भेटल्या नव्हत्या, पण पद्धत हुबेहूब तीच.

हे असं का होतं, याचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात पटणारा पुरावा अमेरिकेतला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी मँडरिन बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, म्हणजे सगळे मिळून पाचेक तास. काही बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, काहींना फक्त ऐकवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना मँडरिनमधले जवळजवळचे आवाज वेगळे ओळखता यायला लागले. पडद्यासमोरची आणि नुसतं ऐकणारी बाळं जिथे होती तिथेच राहिली. शब्द तेच, आवाज तेच. फरक एवढाच, की समोरचा माणूस बाळाकडे बघत होता आणि त्याच्या उत्तरासाठी थांबत होता.

म्हणून तेव्हाची आणि आताची तुलना करताना मी ‘तेव्हा साधं होतं म्हणून चांगलं’ असं म्हणणार नाही. तेव्हा पुस्तकं नव्हती, वाचनालय लांब होतं, लिफ्ट तीन मजले सोडून थांबायची. आणि फुकट मिळणाऱ्या त्या भाषेमागे एका म्हातारीची गिळलेली भाषा होती. तेव्हा फक्त एक गोष्ट आपोआप मिळायची. उत्तराची वाट बघणारा माणूस दाराशीच होता, कारण दारं उघडी होती आणि लिफ्ट अपुरी होती. आता उत्तराची वाट बघणारा माणूस शोधावा लागतो.

मुलाला मी एवढंच सांगितलं, की एक वर्ग कमी कर आणि रोज संध्याकाळी मुलीला खाली ने. वेळापत्रकात लिहायचंच असेल तर तेच लिही. हूनानच्या आजींची मुदत संपली, त्या गेल्या. त्यांच्या जागी आता च्यांगशाहून दुसऱ्या एका मुलाचे आजोबा आले आहेत, त्यांचे उच्चार थोडे निराळे आहेत आणि ते नातीला चेंडू परत करण्याआधी तिच्याकडून पूर्ण वाक्य मागतात. माणसं बदलत राहतील. नातीला त्याचं काही वाटत नाही. चेंडू मिळाला म्हणजे झालं.

मराठीचं मात्र मी वेगळं सांगितलं. सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती दणक्यात होतो, मंडळाचं ‘ऋतुगंध’ निघतं. शाळेत गेल्यावर दुसरी भाषा म्हणून नात बहुधा हिंदी घेईल, कारण तमिळखेरीज ज्या पाच भारतीय भाषांना १९९० च्या सुमारास परवानगी मिळाली, त्यांत हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू आहेत, मराठी नाही. तेव्हा मुलगा लहान असताना घरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच होतो, पुण्याला फोन करणं महाग होतं, आणि तरी त्याची मराठी पक्की झाली, कारण भूक, भांडण, लाड, रागावणं सगळं मराठीत होतं. आता व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे आजी-आजोबा रोज दिसतात, पण तिथे चालतं ते ‘हा कोण? माऊ. हे काय? फूल.’ म्हणजे पुन्हा नामंच. घाईच्या वेळी, चपला घालताना, बाथरूममधून बाहेर बोलावताना सून आणि मुलगा दोघंही इंग्रजीवर घसरतात. पोपोच्या घरात तिओच्यूचं नेमकं हेच झालं होतं, काम दुसऱ्या भाषेत गेलं आणि तिच्याकडे कौतुक तेवढं उरलं.

मँडरिनसाठी बागेत कुणी ना कुणी भेटेल. इतक्या चिनी माणसांच्या गावात ते अवघड नाही. मराठीसाठी त्या बाकावर कुणी येऊन बसणार नाही, आणि माझा पास तर दर वेळी संपतोच. ते काम घरातल्या दोघांनाच करायचं आहे, क्रियापदांसकट.